काकूचं उंबर

वाटणीत जुना बेहडा आमच्याकडं आला आणि उंबर अंबूकाकूकडं. तेव्हा त्यावरून कुणी भांडलं नाही; चंदगडच्या रानात झाडांना काय तोटा! पुढं त्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाच्या जोडीनं घरटं केलं आणि माझ्या आईचं नशीब फळफळलं. वारणानगरच्या कॉलेजातली अनुजा दर उन्हाळ्यात दुर्बीण घेऊन यायला लागली. पेपरात फोटो आला : बेहडा, ढोली आणि खाली माझी आई, शालूबाई.

काकूच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

"झाडाखाली हुबं ऱ्हायला इरकल कशाला नेसाय लागतंय? आणि झाड काय तिनं लावलंय व्हय?"

त्यात तिच्या ध्यानात आलं की, नर पोटभर फळं खातो तिच्या उंबरावर आणि उडतो थेट आमच्या बेहड्याकडं. "खायचं माझ्यात आणि नांदायचं तिच्यात!" म्हणून ती तडतडली. उंबर तोडावं, तर ते दत्ताचं झाड. कुऱ्हाड लावायची छाती होईना. मग तिनं तेलाचा रिकामा डबा काढला आणि नर दिसला की बडवायला सुरुवात केली. कुणी विचारलंच तर म्हणायची, "काजूवर वानरं येत्यात."

नर बिचकला. त्याचं येणं कमी होत गेलं. अनुजा काळजीत पडली. काकूकडं पाणी प्यायला गेली तेव्हा काकूनं उगाच विचारल्यासारखं केलं, "एक पाखरू न्हाय आलं तर काय बिघडतंय गं?"

"काकू, मादीनं आतून ढोलीचं तोंड लिंपून घेतलंय. पिसं झडल्यात तिची, उडता येत नाही. फटीतून नर भरवेल तेवढंच तिला आणि पिल्लाला. आणि या रानात जोडी आहे ती एवढीच."

त्या दुपारी काकू पहिल्यांदा आमच्या बेहड्याखाली आली. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं होतं. पान हललं तरी ते उघडत होतं. खाली आई बसली होती, पदरात उंबरं घेऊन. वर कशी पोचवायची ते तिला कळत नव्हतं.

"माझी उंबरं चोरताय व्हय, आक्का?"

"मग काय करू? उपाशी हाय की ती."

काकू फणकाऱ्यानं निघून गेली. पण डबा पुन्हा वाजला नाही. मग खरोखरच वानरं आली. काकू डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, कारण उंबरावर नर होता. काजूची नासाडी बघत तिनं तोंडातल्या तोंडात शिव्या दिल्या. वानरांना कमी आणि माझ्या आईला जास्त.

पिल्लू बाहेर पडलं त्या सकाळी अनुजा कॅमेरा रोखून बेहड्याखाली उभी होती. शेजारी आई, इरकल नेसून. पण पिल्लू भुर्रकन पानांआड गेलं ते कुणालाच दिसलं नाही. फोटो आला तो रिकाम्या ढोलीचा.

ते उतरलं होतं काकूच्या उंबरावर. अंगण झाडता झाडता तिनं वर बघितलं. पिल्लाला फांदीवर तोल सावरत नव्हता. आमच्या हाका, शोधाशोध तिला ऐकू येत होती. ती केरसुणी धरून गप उभी राहिली.

हे तिनंच मला पुढं सांगितलं.

"हाक मारली असती तर ते पुन्हा आक्काचंच झालं असतं. म्हटलं, घटकाभर माझं असू दे. तुझ्या आईला सांगू नगंस."

मी अजून सांगितलेलं नाही.