डालग्याखालचा मोडेम

आलापल्लीच्या पुढे जंगलातल्या वस्त्यांवर मी नर्स म्हणून फिरायचे, तेव्हा दवाखान्याने मला एक सॅटेलाइट मोडेम दिला होता. पाटीएवढा चपटा डबा. तो उघड्यावर ठेवायचा. आपण कुठे आहोत हे आधी तो उपग्रहांना विचारून घ्यायचा, मग त्याचं तोंड आभाळाकडे जरा जरा फिरवत बसायचं. नेम जुळत आला की पीं-पीं भराभर व्हायचं. मग लॅपटॉपवरून निरोप. सागाच्या त्या दाटीत मोकळं आभाळ होतं एका म्हातारीच्या अंगणात, जिथे ती मोहफुलं वाळत घालायची.

त्या दुपारी तिचीच सून अडली होती. मूल आडवं. जीप मला सोडून परत गेलेली, आणि वस्ती नकाशावर नव्हतीच. निरोपासोबत ठिकाणही पाठवल्याशिवाय गाडी येणार कुठे? पीं-पीं भराभर व्हायला लागलं, तेवढ्यात कुंपणापलीकडून बंदूकवाले येताना दिसले.

म्हातारीने कोंबडीची पिल्लं झाकायचं बांबूचं डालगं उचललं आणि डब्यावर पालथं घातलं.

डबा आतून ओरडतच राहिला. पोलिसांचे खबरी ठरलेल्या माणसांचं हे लोक काय करतात, ते त्या भागात कुणाला सांगावं लागत नव्हतं. त्यांच्यातला एकजण बाजेवर बसून पाणी प्याला.

"पिल्लं लय वरडून राह्यली," तो म्हणाला.

घरातून सून किंचाळली. डालगं उचललं तर मी मेले, नाही उचललं तर ती. माझे हात मांडीला चिकटल्यासारखे झाले होते.

म्हातारीनेच ते उचललं. "माही सून मरून राह्यली. हा डब्बा गाडी बोलावते."

तो डब्याशी उकिडवा बसला. "बाई, आपण कुठी आहो, थे पण सांगते काय हा?"

खोटं बोलायचंही भान नव्हतं. "हो भाऊ. त्याशिवाय चालतच नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला उगाचच घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. मग तो उठला. "मंग आमीच निघतो. बोलवा गाडी."

गाडी आली. सून वाचली, नातूही वाचला.

पुढच्या खेपेला म्हातारीने नातू माझ्या मांडीवर दिला, कोरा चहा दिला. मग अंगणाकडे बघत हळूच म्हणाली, "बाई, तू येत जा. डब्बा नोको आनू."