जस्ताचा हिरवा उजेड

डिंगोरे गावच्या द्रौपदाबाईंना १९९८च्या सुमारास विसर पडायला लागला. आधी चुलीवरचं दूध, मग घरची वाट, शेवटी पोटची लेकसुद्धा. गाव म्हणालं, बाईला बाहेरचं लागलंय. चुलत दीर सोमाजी तर भगताकडं न्यायचा वारच ठरवून आला. नवरा भागुजी एरवी कधी आवाज न चढवणारा, त्या दिवशी दारात आडवा उभा राहिला.

"आमच्या बापानं छप्पन साली बौद्ध होऊन देव्हारा सोडला. मी काय भगताच्या पाया पडतो व्हय? निघ."

पुण्याच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं. लेक यशोधरा तेव्हा रसायनशास्त्र शिकत होती. या रोगात मेंदूत नको तिथं जस्त साचतं, असं तिच्या वाचनात आलं. २००३ साली तिनं संशोधनाला तोच विषय घेतला. जस्त चिकटलं की चमकून उठेल असा रंग बनवायचा, म्हणजे साठा डोळ्यांनी दिसेल.

रंग झाला, पण तो स्पिरिटमध्ये चमकायचा आणि पाण्यात विझायचा. दोन वर्षं अशी गेल्यावर तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "विषय बदल."

"मेंदूत पाणीच असतं, सर. पाण्यात चमकेपर्यंत मी हलत नाही."

एकोणीस रंग टाकून दिले. विसावा पाण्यात टिकला. तोच रोग असलेल्या उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर तो घातला, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके उमटले. सर बघायला आले ते बराच वेळ डोळाच काढेनात.

त्या वैशाखात यशोधरा गावी आली. विहारात खिडक्या लावून अंधार केला, लोकांना बसवलं, आईला पुढं घेतलं. दोन बाटल्यांत रंगाचं पाणी होतं. एकीत तिनं आळेफाट्याच्या खताच्या दुकानातलं, कांद्याला फवारतात ते झिंक, म्हणजे जस्तच, चिमूटभर टाकलं आणि अतिनील किरणांचा जांभळा दिवा धरला. ती बाटली हिरवीगार पेटली, दुसरी तशीच राहिली.

"आईच्या अंगात कुणी शिरलेलं न्हाई. हा मेंदूचा रोग हाये. त्यात असं झिंक साचतं, आमी ते शोधतोय."

मागून सोमाजी म्हणाला, "मग बरी करशील का तिला?"

"न्हाई, काका. हे बरं करील असं औषध अजून कुणाकडंच न्हाई. पण म्हणून भगताला खरं ठरवू नका."

द्रौपदाबाईंनी हात पुढं करून ती हिरवी बाटली मागितली. यशोधरानं बूच घट्ट लावून त्यांच्या हातात दिली.