लाइन क्लिअर मिळेपर्यंत

मुलांनो, आपल्या घरातला कॉम्प्युटर आता नेटची वाट बघत बसत नाही, हे तुम्हाला तुमच्यातल्या थोरल्याकडून कळलं असेलच. पण त्याच्या हकिगतीत तोच शहाणा ठरतो, म्हणून मी माझी लिहून ठेवते.

मागच्या हिवाळ्यात थोरला आमच्याकडे इंदिरा नगरला आला, तेव्हा त्याने आमच्या जुन्या मशीनला एक स्क्रिप्ट लिहून दिली. स्क्रिप्ट म्हणजे सुरू होताना काय काय करायचं त्याच्या सूचना. आधी नेट लागू दे, मग आजीच्या फायलींची प्रत माझ्याकडे पाठव, आणि मगच तिला आत घे. नेट लागलंच नाही तर किती वेळ थांबायचं, असं त्याने विचारलं. मी स्वयंपाकघरात होते, म्हणून उत्तर तुमच्या आजोबांनी दिलं. सारा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेला माणूस. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, एवढा एकच धर्म ते पाळतात. मिळेपर्यंत थांबायचं, असं त्यांनी सांगितलं. थोरल्याने तसंच लिहिलं, आणि आजोबा खूश व्हावेत म्हणून स्क्रीनवर अक्षरंही घातली: लाइन क्लिअर नाही. थांबा.

मग तो रविवार आला. धाकटीला तिकडे, तिच्या शहरातल्या मराठी मंडळात गोष्ट सांगायची होती. माझ्या आईच्या म्हशीची, जी ऐन मुहूर्तावर लग्नाच्या मांडवात जाऊन बसली. मी ती ऱ्हस्व-दीर्घ तपासून नीट टाइप केली होती आणि धाकटी घरातून निघायच्या आधी तिला फोनवर वाचून दाखवणार होते. नेमकी लाइट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहे, राउटर नाही. मशीन सुरू केलं. लाइन क्लिअर नाही. थांबा.

"अहो, गोष्ट याच्याच पोटात आहे. ती वाचायला नेट कशाला?"

"नियम सुरक्षिततेसाठी असतो."

"म्हैस कुणाला धडकणार आहे?"

यावर ते पेपर वाचू लागले. मी थोरल्याला फोन लावला. त्याने आपल्या नेहमीच्या हिंदीत समजावलं की दुरून दुरुस्ती करायलाही आधी नेट हवं. म्हणजे मशीन नेटसाठी अडलेलं, आणि त्याला सोडवणाराही नेटसाठी अडलेला. एवढ्या शिक्षणाचं हे फळ.

शेवटी धाकटीला फोन केला आणि गोष्ट आठवेल तशी सांगितली. मांडवापर्यंत सगळं सुरळीत गेलं. म्हैस बसली, भटजी खोळंबले, नवरदेव घामाघूम झाला. आणि आईने तिला उठवलं कसं, तेच मला आठवेना. धाकटीची आई तिकडे गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. मी म्हटलं, जरा थांब, आठवतंय.

"आजी, पण ती उठायची वाट कशाला बघायची? बाजूला सरकून लग्न लावून टाकलं, असं सांगते मी." आणि तिने फोन ठेवला.

मंडळात लोक इतके हसले म्हणे, की एका काकांनी म्हशीला आहेर काय केला ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी लाइट होती, नेट होतं. थोरल्याने इकडचं मशीन तिकडून उघडलं आणि विचारलं, आता किती थांबवू? मी म्हटलं, पानं वाढल्यावर पाहुण्यासाठी थांबतो तितकं, भात निवेपर्यंत. त्याने त्याचं अर्धं मिनिट केलं. पोरगा माझ्या हातचं जेवलेला आहे, वाद घालत नाही. तेवढ्यात नेट आलं तर ठीक, नाही तर मशीन पुढे चालू लागतं, आणि प्रती जातात नेट आल्यावर, मागाहून. अक्षरंही मी सांगितली ती घातली: पानं वाढली आहेत. येईल तो येईल.

एक दिवस अपघात होईल, असं आजोबांचं म्हणणं आहे.

आत्ताही लाइट गेली आहे. मशीनने पानं वाढल्याचं सांगितलं आणि ही फाइल उघडून दिली. म्हशीच्या फायलीत धाकटीचा शेवट वर घेतला आहे, आईचा खाली कंसात ठेवला आहे. आजोबा राउटरसमोर खुर्ची टाकून त्याचा दिवा हिरवा व्हायची वाट बघतायत. मी त्यांना जेवायला हाक मारली आहे. एकदाच.