आप्पांचा इको

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मंगळवार होता, ओपीडी भरलेली, आणि इको रूममध्ये माझ्यासमोर पेशंट म्हणून माझेच वडील झोपले होते... डाव्या कुशीवर, शर्ट काढून, फेटा मात्र डोक्यावर तसाच.

मी सोलापुरात एका हॉस्पिटलमध्ये इको टेक्निशियन आहे. छातीवर जेली लावून प्रोब ठेवला की स्क्रीनवर हृदय दिसतं. ते भरल्यावर केवढं होतं आणि आकसल्यावर केवढं उरतं, ते आतल्या कडेनं रेघ ओढून मोजायचं. त्यावरून मशीन सांगतं, दर ठोक्याला त्यानं आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं.

मी प्रत्येक पेशंटचं तीनदा मोजते. आकडे जवळपास आले नाहीत तर पुन्हा तीनदा. स्टाफमधले म्हणतात, तुझा एक पेशंट होईपर्यंत आमचा चहा पिऊन होतो... पण माझं मन मानत नाही. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. काही चुकलं तर ‘शिकून काय केलंस’ हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी मीच स्वतःला म्हणते.

आप्पा मेंढरं राखतात. मंगळवेढ्याच्या पुढे आमचं गाव. उन्हाळ्यात त्यांना अटॅक आला, तेव्हाच्या इकोत आकडा आला होता पस्तीस. शंभरात का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, चांगल्या धडधाकट माणसाचेही साठ-पासष्टच येतात, शंभर कुणालाच नसतात. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "मंग पास तरी हाय की," म्हणाले.

दिवाळी झाली की आमच्याकडची मेंढरं चाऱ्यासाठी बाहेर पडतात. चार-पाच महिने आज या रानात, उद्या त्या रानात. यंदा आप्पांनी जायचं की नाही, हे आमच्या डॉक्टर मॅडम या इकोवर ठरवणार होत्या. त्यासाठी आप्पांनी अख्खा पावसाळा न चुकता गोळ्या घेतल्या, तंबाखू सोडली. चुलते मेंढरांमागे जायचे आणि हे ओट्यावर बसून लांबून शिट्ट्या मारायचे...

आप्पांचा इको माझ्याबरोबर काम करणाऱ्या टेक्निशियन मैत्रिणीनं करावा असं मी सुचवलं होतं. पण घरचं माणूस असताना दुसऱ्याच्या हाती कशाला, म्हणून ते अडूनच बसले.

खरं सांगायचं तर मला भीती वेगळीच होती. आकडा चांगला यावा असं वाटत होतं. आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, कमीच येऊ दे... निदान घरी तरी राहतील. रेघ ओढणारा हात माझाच. ती केसभर इकडे-तिकडे गेली तरी आकडा बदलतो. माझा हात कुठल्या बाजूला झुकतोय, तेच मला कळेना.

मी त्यांना म्हटलं, आप्पा, श्वास सोडा... आता थांबा. छान चित्र मिळालं. मी ते गोठवलं आणि रेघ ओढायला लागले. एकदा ओढली, पुसली, परत ओढली. जरा वेळानं बाजूला बघितलं तर आप्पांचा खांदा थरथरतोय, डोळे गच्च मिटलेले, चेहरा लालबुंद.

मी ओरडलेच, अहो आप्पा, श्वास घ्या की.

त्यांनी मोठा श्वास ओढला, खोकले, आणि मग हळूच म्हणाले, "तू घे म्हणली न्हाईस की."

गावात सरपंचांचं न ऐकणारा माणूस... जन्मात कुणाचं ऐकलं नाही. मला हसू आलं आणि स्क्रीन धूसर दिसायला लागली.

त्यांना पाच मिनिटं निवांत पडू दिलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. त्रेचाळीस, सेहेचाळीस, चव्वेचाळीस. तरी रिपोर्टवर लिहिलं नाही. कागदावर टिपून खिशात ठेवलं, मॅडमना बोलावलं आणि सांगितलं, हे माझे वडील आहेत, माझा आकडा मी आधी सांगणार नाही.

मॅडमनी प्रोब ठेवला, थोडा वेळ नुसतं बघितलं. पंचेचाळीसच्या आसपास आहे, म्हणाल्या. मग मी खिशातला कागद दाखवला.

आप्पांना परवानगी मिळाली. ओझं घोड्यावर, चालणं बेतानं, गोळ्या न चुकता, महिन्याला तपासणी, आणि मुक्काम फोनला रेंज असेल तिथंच.

स्टँडवर बस लागायची होती. तिथं मी त्यांना कबूल केलं, की आकडा कमी यावा असंही माझ्या मनात आलं होतं.

आप्पा म्हणाले, "दुसऱ्याची मेंढरं राखाय असली की मी दोनदा मोजतो. आपली असली की तीनदा. आपल्यात मन घुसतंय, मंग डोळं चुकत्यात."

आणि मला आमची संध्याकाळ आठवली... मेंढरं जाळीच्या कुंपणात जाताना आप्पा तोंडाशी उभे, प्रत्येकीच्या पाठीवर हात, वीस झाली की माझ्या ओंजळीत एक खडा. सगळी आत गेली की परत बाहेर काढून पुन्हा. मी वैतागायचे. तीनदा मोजायची सवय मला कॉलेजनं लावली, असं मी इतकी वर्षं समजत होते.

आता ते बार्शीकडच्या रानात आहेत. मेंढरं मोजून झाली की रोज फोन येतो. गोळी घेतली का, मी विचारते. घेतली, म्हणतात. मी परत विचारते, ते परत सांगतात... आणि तिसऱ्यांदा मी विचारायच्या आतच म्हणतात, "व्हय पोरी, घेतली."