डावीकडची बाटली

आमच्या घरात पाण्याचा तांब्या ताटाच्या उजवीकडेच असतो. चुकून डावीकडे गेला तर आई मुकाट्याने उचलून जागेवर ठेवते. ही शिस्त माझ्या हातात इतकी मुरली आहे की तिने एकदा माझीच गोची केली.

मी प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. आमच्या कामतघर वस्तीत लोक उंदीर पकडून नाल्यापलीकडे सोडतात आणि ही त्यांना पाणी पाजायला जाते, अशी शेजारणी माझी चेष्टा करतात. पाणी पाजते हे खरंच आहे. प्रत्येक पिंजऱ्याला दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, दुसरीत कॅल्शियम घातलेलं, कडवट. खाद्य सगळ्यांना एकच, तरी काळ्या वंशाचे उंदीर त्या पाण्याला तोंड लावत नव्हते आणि तपकिरी वंशाचे मिटक्या मारत पीत होते. ही आवड आईबापांकडूनच येते, हे दाखवण्यावर माझी पीएचडी उभी होती. आलेख इतका देखणा आला की माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो तीनदा पाहिला.

मग एका रविवारी जेवताना आईने तांब्या उजवीकडे सरकवला आणि माझा घास तोंडातच राहिला. काही उंदीर सवयीने एकाच बाजूला पितात, म्हणून बाटल्यांच्या जागा रोज बदलायच्या असतात. मी मात्र सगळे दिवस साधं पाणी उजवीकडेच लावलं होतं. तपकिऱ्यांना कॅल्शियम नव्हे, नुसती डावी बाजूच आवडत असली तर?

कुणालाही कळलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात आईला सगळं समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "उंदरांना म्हाईत न्हाय, पन तुला म्हाईत हाय ना?"

सोमवारी मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. पुन्हा करून बघ, नाही टिकलं तर विषय बदलू, एवढंच म्हणाल्या.

एक दिवस बाटल्या होत्या तशाच ठेवल्या, दुसऱ्या दिवशी जागा बदलल्या. तिसऱ्या सकाळी कोण किती प्यायलं ते बघायला बाटल्यांचं वजन केलं. तपकिऱ्यांपैकी दोघे हट्टाने डावीकडेच चिकटले होते. बाकीचे सगळे तपकिरी कॅल्शियमच्या मागे उजवीकडे गेले होते आणि काळे साध्या पाण्यामागे डावीकडे. मी तिथेच स्टुलावर बसून रडले, आनंदाने.

नवा आलेख पहिल्याइतका देखणा नाही. पण आता बाटली कुणी कुठेही लावावी, निष्कर्ष तोच.