आप्पांची जीभ

आप्पा पयलं तोंडात टाकायचे, मग तराजूत. तूरडाळ मागा, गूळ मागा, रवा मागा, पोत्यात हात घालून चिमूटभर घ्यायचे, जिभंवर ठिवायचे, डोळे मिटायचे आन् म्हनायचे, "थांब माय, जिभंला इचारू दे." जीभ हो म्हनली तर माप भरायचं, न्हाई म्हनली तर गिऱ्हाईक हात हलवीत माघारी. तुमच्या गावात बी असं एखादं मानूस असंल, तुमी बी त्याच्या भरोशावर जेवत असताल, म्हनून सांगते.

मी लग्न होऊन आले तवा मला लई किळस यायची. त्यांचं किरान्याचं दुकान आमच्या दाराम्होरंच. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे, आंगात बंडी, आन् दिवसभर हात पोत्यात नायतर तोंडात. मी सासूला म्हनलं, ह्ये काय, समद्याच्यात बोटं घालतेत. सासू म्हनली, ते बोटं घालतेत म्हनून तर आपल्या पोटात दुखत न्हाई. मी सातवी शिकलेली, मला वाटलं अडानी हायेत समदे. पन वरीस सरलं न्हाई तवर मी बी तशीच झाले. आप्पांनी डोळे उघडून मान हालवली की माझा जीव थंड व्हायचा.

मिरचीपूड इकायची म्हनलं की त्यांच्या डोळ्याला धार लागायची, तसंच नाक पुसत जोखायचे. बाया म्हनायच्या, आप्पा मिरची इकतेत का मयताला आलेत. एकदा एका बाईनं मुद्दाम धुन्याची पावडर मागितली आन् म्हनली, आप्पा, चाखा की. आप्पा म्हनले, "ती तूच चाख, तुझंच तोंड धुयाचं राह्यलंय." दिवसभर गल्ली हसत व्हती. चहापत्तीचा एक पुडा मातर त्यांनी थुकून रस्त्यावर फेकला, शेळीनं हुंगला आन् तोंड फिरवलं, तर त्यो पुडा आनून देनाऱ्याला म्हनले, "बघ, शेळी बी शानी हाय तुझ्यापरीस."

मला मोबाईलची लई भीती बसलीय. रोज कायतरी नवीन दाखवतेत. दुधात कायबाय कालवतेत, पनीर बनावट, कलिंगडात सुई, तांदूळ पलास्टिकचा. मी पळत जाऊन आप्पाला दाखवायचे. ते डोळे बारीक करून बघायचे न् इचारायचे, "मोबाईल चाटून बघितला का?" मला हसू यायचं. घरी येऊस्तोर भीती गेलेली असायची.

पोरीच्या उष्टावनाला तांदूळ घ्यायला गेलते तवा त्यांनी कच्चे दाने तोंडात टाकले आन् लई येळ चावत बसले. मागं गिऱ्हाईक ताटकळलेलं, आप्पांचे डोळे मिटलेले. मी म्हनलं, आप्पा, द्या की आता. ते म्हनले, "लेकराचं हाय. घाई करू न्हाई."

आवंदा शिवरात्रीला मालक ऊसतोडीला, कारखान्यावर. अर्धं गाव कोयता घेऊन गेलेलं, घरी निस्ती म्हातारी मानसं, बाया आन् लेकरं. आप्पा दर उपासाला भगर निवडून आदल्या दिशी गिरनीतून ताजी दळून आनायचे. समद्या गावाची उपासाची भाकर त्याच पिठाची. आवंदा ते पीठ सकाळीच संपलं, तवा त्यांनी बाहेरून आलेलं तयार पिठाचं पोतं फोडलं. मी समोरच हुबी. त्यांचा हात सवईनं पोत्यात गेला, चिमूट वर आली, व्हटापस्तोर आली आन् तिथंच थांबली.

शिवरात्रीला आप्पाचा उपास निरंकार. पानी बी न्हाई. त्यांनी चिमूट माघारी पोत्यात टाकली, हात कपाळाला लावला आन् म्हनले, "आज जीभ महादेवाची हाय माय. आज न्हाई इचारता येत."

मग वास घेतला. आन् तराजूत घातलं. मी घेतलं, माझ्या मागच्या बायांनी घेतलं.

भाकरी थापताना पिठात काय बी येगळं दिसलं न्हाई. सासूनं देवाला निवद दाखवला, पोरीनं दह्यासंगं चवीनं खाल्लं. मी सासूला वाढता वाढता दोन घास खाल्ले असतील.

दिवस कलला तवा पोरगी खेळ टाकून माझ्याजवळ आली आन् म्हनली, आई, थंडी वाजती. बाहेर भिंती तापलेल्या आन् हिचे दात वाजायलेत. कडंला घेतली तर आंगावरच वकली. मान टाकली. मी हाका मारायले आन् तिचे डोळे कुठंतरी वरच. सासूला हाक मारली तर सासू न्हानीत भिंतीला धरून बसलेली. मी मदतीला कुनाला तरी बोलवावं म्हनून दारात आले, तर शेजारच्या घरातून वकायचा आवाज. त्याच्या पल्याडून बी. मग आख्ख्या गल्लीतून तसलाच आवाज, आन् मधीच समोर आप्पा दुकानाच्या पायरीवर हुबे, एकलेच धडधाकट, दोनी हात आंगापासून लांब धरलेले.

दुधाच्या पिकअपमधी घालून आमाला बीडला नेलं. जागा कमी पडली म्हनून दवाखान्याच्या व्हरांड्यात गाद्या टाकल्या, आमच्या गल्लीतले समदे एका रांगेत, बाया, म्हातारे, लेकरं, जेच्या तेच्या हाताला सलाईन. पोरगी हाक मारली तर डोळा उघडायची न् परत मिटायची. मी तिच्या छातीवर हात ठिवून बसले, वर खाली होतंय का तेवढंच बघत. मालकाचा फोन आला. ते म्हनले, तू बघून न्हाई आनलंस का? मी काय सांगू त्यांना, मी बघतच व्हते.

तितं बोलनं सुरू झालं. पयलं हळू, मग मोठ्यानं. आप्पाला कावून न्हाई झालं? सगळ्या गावानं खाल्लं आन् त्यानंच कावून न्हाई खाल्लं? जन्मभर चाखनारा मानूस नेमका आजच चाखत न्हाई म्हंजे त्याला म्हाईत व्हतं. ज्या म्हातारीला त्यांनी जन्मभर निवडून डाळ दिली, ती बी पडल्या पडल्या म्हनली, उपास कशाचा, सोंग हाय सोंग. मला म्हनावं वाटलं, निरंकार हाय त्यांचा, दरसालचा. पन माझ्या मांडीवर पोरगी तशी पडलेली. मी तिचं तोंड पुसत राह्यले.

दुसऱ्या दिवशी आप्पालाच आनलं. धोतर वकारीनं भरलेलं, हातपाय थडथड उडायलेले. कुनीतरी म्हनलं, आता नाटक करायला आला. त्यांची गादी आमच्याच बाजूला पडली. थोडा येळ गेल्यावर त्यांनी मान वळवली आन् पयलं पोरीकडं बघितलं.

"उठली का चिमनी?"

मी म्हनलं, मघाशी पानी मागितलं.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग मीच वाकून हळू इचारलं, आप्पा, तुमी कुठं खाल्लं? समदं पोतं तर सरकारी मानसं येऊन तपासायला बांधून घेऊन गेली.

"घरी न्हेलतं वाटीभर. पारन्याला." मग दम खाऊन म्हनले, "सकाळी उपास सोडला त्याच्यावरच."

"म्हाईत असून?"

"इचारायचं राह्यलं व्हतं ना जिभंला."

मी म्हनलं, मग काय म्हनली जीभ?

आप्पांनी सुकलेल्या व्हटावरून जीभ फिरवली.

"गोड लागलं माय," ते म्हनले. "चांगल्या भगरीसारखंच. म्या पुन्हा घेतलं, पुन्हा तसंच. काय बी कळलं न्हाई."

मी म्हनलं, आप्पा, ह्ये सगळ्यांना सांगा, आत्ता सांगा, म्हंजे तुमच्यावरचा बोल तरी जाईल. चाखलं असतं तरी झालंच असतं, तुमचा काय दोस?

त्यांनी माझं मनगट धरलं. हात गार, पन धरलं घट्ट.

"सांगू नको. म्हनू दे आप्पा चुकला. चुकला म्हनले तर पुढं दुसरं कुनी चाखील आन् गाव जेवंल. जीभच आंधळी हाय म्हनलं, तर ही मानसं उद्या खातील कशाच्या जिवावर?"

पोरगी वाचली. समदेच वाचले, म्हातारीसुदिक. आप्पाला त्यांची लेक लातूरकडं घेऊन गेली, ते माघारी आले न्हाईत. उन्हाळ्यात तिचा फोन आला, आप्पा गेले. कशानं गेले ह्ये कुनी इचारलं न्हाई. पोत्यातल्या पिठात काय निघालं ते बी कुनी आमाला येऊन सांगितलं न्हाई.

दुकानाचं दार तवापसून बंद हाय. गाव आता फाट्यावरून आनतं. आप्पांनी त्या दिशी चाखलं असतं तर, असं समदे म्हनतेत, आन् एवढं म्हनलं की त्यांना बरं वाटतं. माझी सासू बी म्हनती. पिठाची चिमूट तोंडात टाकती, मान हालवती, आन् निवांत भाकरी थापती. मी तिच्याकडं बघते आन् माझ्या तोंडातून शब्द फुटत न्हाई. तुमी लांबचे, म्हनून तुमाला सांगितलं.

लेकराला उपाशी तर ठिवता येत न्हाई. रोज ताट वाढते, तिच्याम्होरं बसते, तिचे व्हट बघते, नखं बघते. ती जेवून उड्या मारीत अंगनात जाती, मी दारात हुबी राहते, दिवस कलेपस्तोर. काय होत न्हाई. मग आत येऊन तिच्या रातच्या जेवनाचं पीठ मळायला घेते.