ऑक्टोबरातला नाताळ

आमच्या गल्लीत नाताळ दोनदा यायचा. एकदा सगळ्यांचा, आणि त्याआधी ऑक्टोबरात रेंट्श मास्तरांचा एकट्यांचा. त्यांची लेक आल्विना लग्न करून अमेरिकेत मिलवॉकीला गेली होती. तिच्यासाठी दरवर्षी शाईने काढलेलं शुभेच्छांचं चित्र सणाला पोचायचं, तर दोन महिने आधी टपालात पडायला हवं. मास्तर आमच्या जर्मनीतल्या प्लाउएनला भरतकामाचे नमुने काढायचे. समोर नसलेला टाका त्यांच्या कागदावर कधी यायचा नाही. म्हणून चित्रासाठी ऑक्टोबरात खरोखरचं टेबल मांडलं जायचं. फरच्या झाडाची फांदी मी आणायची. नाताळचा केक तेव्हा कुठला, म्हणून साध्या पावावर साखरेऐवजी पीठ भुरभुरायचं. त्यांची बायको एर्नेस्टीना सणाची टोपी घालून ऐटीत बसायची. मी वरच्या मजल्यावरची, जोडे शिवणाऱ्या हेर्टेलची विधवा. हसायला मला आमंत्रण लागत नसे.

त्या वर्षी मात्र हसू आलं नाही. एर्नेस्टीनाची छाती उन्हाळ्यापासून बिघडली होती आणि आल्विनाला त्याची कुणकुण लागली होती. खरं काय ते कळवा, आई आजारी असेल तर वसंतात मुलांना घेऊन येते, असं तिने लिहिलं. मास्तरांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. नऊ वर्षांत त्यांनी लेक पाहिली नव्हती, नातवंडं तर कधीच नाही. ती यायला हवी होती त्यांना, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

एर्नेस्टीनाला ते नको होतं. शेजारच्या विणकराचं तान्हं मूल त्याच प्रवासात तापाने गेलं होतं, समुद्रातच सोडावं लागलं होतं. मी तिच्या पाठीशी उशी लावली, तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "म्हाताऱ्या, गाल भर माझे. पूर्वी होते तसे."

"दिसतं तेच काढतो मी."

"आजवर काढलंस. माझ्यापायी पोरं पाण्यात घालायची नाहीत मला."

मास्तर बराच वेळ टाक पुसत बसले. मग त्यांनी गाल भरले, हनुवटीखालची वळीसुद्धा काढली. चित्र इतकं सुरेख उतरलं की मला त्यांचा राग आला. निदान पत्रात तरी दोन ओळी खऱ्या लिहा, असं मी म्हटलं. एर्नेस्टीनाला शब्द दिलाय, म्हणाले.

नोव्हेंबर संपता संपता एर्नेस्टीना गेली. चित्र तेव्हा समुद्रावर होतं. तिला पुरल्यावर तिसऱ्या दिवशी मास्तरांनी लेकीला कळवलं, पण ती बातमी पोचेपर्यंत चित्र पोचून महिना होणार होता.

फेब्रुवारीत आलं ते चित्राचं उत्तर. आईचे गाल पाहून जीव भांड्यात पडला, आता यायची घाई नाही, असं आल्विनाने लिहिलं होतं. मास्तर घडी घालत म्हणाले, हे जुनं पत्र, आता तिला कळलं असेल, आता ती येईल. त्यांनी नातवंडांसाठी खाट दुरुस्त करून घेतली. मीही मूर्खासारखी गाद्या झटकून ठेवल्या.

एप्रिलमध्ये दुसरं पत्र आलं. रडत लिहिलेलं, जागोजागी शाई फुटलेलं. मास्तरांना वाचवेना म्हणून मी वाचलं. शेवटी होतं, "बाबा, यायचं होतं ते आईसाठी. आता कुणासाठी येऊ?"

पोरीच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मी तिला नाही नाही ते बोलले. मास्तरांनी मला थांबवलं.

"तिला बोलू नका. माझ्यासाठी ये, असं मी एकदाही लिहिलं नाही."

"मग आत्ता लिहा. मी बसते इथे."

त्यांनी कागद ओढला, टाक शाईत बुडवला. शाई टोकावर सुकली, पुन्हा बुडवला, पुन्हा सुकली. मला फार वाईट वाटलं, आणि चीडही आली.

"मला नाही हे लिहिता येत, लीनाबाई," ते म्हणाले. "असलं सगळं एर्नेस्टीना लिहायची."

आल्विना आली नाही. दोन वर्षांनी मास्तर गेले, ते तिला मीच कळवलं.